खेळांची ऑनलाईन दुकाने आणि वयाची अट

चित्रपटगृहावरील 'फक्त प्रौढांसाठी' ही पाटी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे दारावर वय पाहणारा माणूस तरी असतो. मोबाईल व संगणकावरील खेळांच्या दुकानांत तो नसतो.

गुगल प्लेवर आपल्याकडे प्रत्येक खेळापुढे ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा वयोगट लिहिलेला असतो. हिंसा, अश्लीलता, जुगार यांविषयी खेळ बनवणाऱ्याने दिलेल्या उत्तरांवरून तो ठरतो. 'स्टीम' हे दुकान जन्मतारीख विचारते. पण खोटी तारीख टाकली तरी दार उघडते. म्हणून ब्रिटनमध्ये २०२५ साली नवा कायदा लागू झाल्यावर स्टीमने प्रौढांच्या खेळांसाठी क्रेडिट कार्डाची अट घातली.

आपल्या मुळशी तालुक्यात मात्र अनेक घरांत मुले वडिलांचाच मोबाईल वापरतात. खाते वडिलांचे, म्हणून दुकानाच्या लेखी गिऱ्हाईक प्रौढच! तेव्हा वय तपासण्याची जबाबदारी घरावरच येते. सभासदांना आमची विनंती आहे की, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'पालक नियंत्रण' सुरू करून पिन ठेवावा व वयोगट निवडावा. आधी उतरवून घेतलेले खेळ त्यामुळे निघून जात नाहीत. ते स्वतः तपासावेत. पिन मुलांना सांगू नये, पण अट कशासाठी आहे हे अवश्य समजावून सांगावे.