तातीचा ताण आणि त्याचे माप

टेनिसची रॅकेट ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. एक लंबगोल चौकट, एक दांडा आणि चौकटीत उभ्या-आडव्या विणलेल्या ताती, एवढाच तिचा संसार. परंतु खेळताना चेंडूचा स्पर्श होतो तो केवळ तातींना, आणि तोही एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरता. तेवढ्या अल्प अवधीत चेंडू किती वेगाने आणि कोणत्या दिशेने परतणार हे ठरून जाते. म्हणूनच ताती किती ताणून बसविल्या आहेत, या प्रश्नाला टेनिसमध्ये मोठे महत्त्व आहे.

पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात तशी आतड्याची तात हीच रॅकेटची मूळ तात होय. फ्रान्समधील ल्याँ येथे बाबोला यांनी १८७५ साली मेंढीच्या आतड्यापासून टेनिससाठी ताती तयार केल्या. पुढे गाईबैलांच्या आतड्याचा उपयोग होऊ लागला, आणि त्यानंतर नायलॉन व पॉलिएस्टर यांचे कृत्रिम धागे आले. ब्राझीलच्या गुस्ताव्हो क्युर्टेनने १९९७ साली फ्रेंच स्पर्धा जिंकली ती पॉलिएस्टरच्या ताती वापरून. ताती बदलल्या, मात्र त्या नेमक्या ताणाने बसविण्याची आवश्यकता तशीच राहिली.

ताणाने काय साधते?

नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर टाकला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. याचा अर्थ असा की, चेंडू दबून पुन्हा फुगताना आपली चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा गमावतो. तात मात्र ताणली जाऊन पूर्ववत होताना आपल्याला मिळालेली बहुतेक ऊर्जा परत देते. ताती सैल असल्या तर त्या अधिक वाकतात, चेंडू कमी दबतो, आणि म्हणून तो अधिक वेगाने परततो. ताती घट्ट असल्या तर चेंडूच अधिक चपटा होतो. त्याचा वेग थोडा घटतो, पण तो हव्या त्या जागी टाकणे अनेक खेळाडूंना सोपे वाटते. स्वीडनचा ब्यॉर्न बोर्ग आपल्या लाकडी रॅकेटच्या ताती ८० पौंडांच्या आसपास ताणून घेत असे. आज ५० ते ६० पौंड हा ताण सामान्य समजला जातो.

खेळाच्या नियमांनी ताणाला कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खेळाडू एक आकडा सांगतो आणि कारागीर त्याप्रमाणे ताती ओढतो. सामना ऐन रंगात असताना तात तुटते, खेळाडू दुसरी रॅकेट उचलतो, आणि तिचा ताण पहिलीपेक्षा चार पौंडांनी कमी असला तर कालपर्यंत रेषेच्या आत पडणारा चेंडू बाहेर जाऊ लागतो. दोष हाताचा नसतो. तो यंत्रात असतो.

यंत्रांचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात एक आडवा दांडा व त्यावर सरकणारे वजन असते. ही तरफच होय. वजन टेकूपासून जितके दूर, तितका तातीवरील ताण अधिक. परंतु दांड्यावरील आकडे खरे ठरतात ते दांडा क्षितिजसमांतर असतानाच. तो १० अंशांनी कलला तर ताण सुमारे दीड टक्क्याने घटतो, म्हणजे ५५ पौंडांत जेमतेम एका पौंडाचा फरक पडतो. मात्र कल २० अंशांचा झाला की तूट सहा टक्क्यांवर, म्हणजे तीन पौंडांहून अधिक होते.

दुसऱ्या प्रकारात हँडल फिरवून तात ओढतात. ठरलेला ताण येताच आतील स्प्रिंग खीळ सोडते आणि ओढणारा भाग जागच्या जागी अडकतो. त्यानंतर यंत्र ओढत नाही. पण तात मात्र किंचित लांबत राहते आणि ताण उतरतो. तरफेच्या यंत्रात वजन सतत लोंबकळत असल्यामुळे तसे होत नाही. म्हणून दोन्ही यंत्रांवर एकच आकडा लावला तरी ताती सारख्या बसत नाहीत. तिसरा प्रकार विजेच्या यंत्राचा. त्यातील मोटर ताण कमी झाल्याचे ओळखून पुन्हा ओढते.

मापाची परीक्षा

यंत्रावरील आकडा आणि प्रत्यक्ष ताण यांचा मेळ घालून पाहणे, यास अंशांकन म्हणतात. त्यासाठी एक स्प्रिंगचा काटा पुरतो. प्रथम काट्याचीच परीक्षा करावी. त्याला माहितीचे वजन टांगून तो खरे बोलतो की नाही हे पाहावे. नंतर काट्याचे एक टोक यंत्राच्या पक्क्या खांबाला बांधावे आणि दुसऱ्या टोकाला जाड, कमी लांबणारी तात बांधून ती यंत्राने ओढावी. काटा ज्या सर्वोच्च आकड्यापर्यंत जातो तो टिपून घ्यावा. हँडल नेहमीच्याच संथ गतीने फिरवावे, कारण गती बदलली की उत्तरही बदलते. एकाच वाचनावर विसंबू नये. प्रत्येक आकड्यासाठी तीन-चार वाचने घ्यावीत.

समजा, यंत्र ४०, ५० आणि ६० वर लावले असता काटा ३८, ४८ आणि ५८ दाखवितो. येथे तूट सर्वत्र सारखीच आहे. अशा वेळी स्प्रिंगचा आरंभीचा दाब ठरविणारा स्क्रू थोडा फिरवून पुन्हा वाचने घेतली की काम भागते. परंतु काटा ३९, ४७ आणि ५५ दाखवीत असेल, तर तूट ताणाबरोबर वाढत आहे. तेथे केवळ स्क्रू फिरवून उपयोग नाही. एका आकड्यापाशी यंत्र बरोबर येईल आणि इतरत्र चुकतच राहील. स्प्रिंग थकली आहे काय, किंवा सरकत्या भागांत धूळ साचून घर्षण वाढले आहे काय, हे शोधले पाहिजे.

चिमटे आणि चौकट

यंत्राने बरोबर ओढलेली तात चिमट्याने धरून ठेवली नाही, तर सारे श्रम वाया जातात. तातीवरील मेण आणि लेप यांचा थर चिमट्यांच्या जबड्यांत साचतो आणि तात घसरू लागते. अशा वेळी चिमटा अधिक आवळण्याचा मोह होतो. त्यामुळे तात, विशेषतः आतड्याची, चिरडली जाते. योग्य उपाय म्हणजे जबडे स्पिरिट व जुना दात घासण्याचा ब्रश यांनी स्वच्छ करणे. चिमट्यालगत तातीवर शाईची खूण करून ती सरकते की काय हे पाहिले, तर घसरण चटकन लक्षात येते. तेल फक्त आस आणि दातेरी चाके यांना द्यावे. जबड्यांना त्याचा थेंबही लागू देऊ नये.

चौकटीला धरणारे आधारही वरचेवर तपासावे लागतात. सोळा उभ्या ताती प्रत्येकी २५ किलोग्रॅमने ओढल्या म्हणजे चौकटीवर एकंदर ४०० किलोग्रॅमचा भार येतो आणि ती आखूड व रुंद होऊ पाहते. आडव्या ताती बसल्यावरच ती पूर्वीच्या आकारास येते. आधार सैल असेल तर मधल्या काळात चौकट वाकडी होते, क्वचित तडकतेही.

परीक्षेचा दिनांक, आलेली वाचने आणि केलेली दुरुस्ती यांची एका वहीत नोंद ठेवावी. वर्षभराच्या नोंदी पाहिल्या म्हणजे यंत्र हळूहळू कोणत्या बाजूला झुकत आहे हे उमगते. आपल्या देशात दुकानदाराची वजने व काटे ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारला जातो. ताती ओढणाऱ्या यंत्रावर असा शिक्का मारणारा कोणी अधिकारी नाही. तेथे ती जबाबदारी कारागिराने स्वतःच घ्यावयाची असते.