खुर्ची उबदार, दार उघडं

निफाड-नाशिकच्या पट्ट्यात जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि दुपारी तोच पंचविशी ओलांडतो. मी एका रविवारी सकाळचा निवांत वेळ धरला आणि रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या लोखंडी खुर्चीवर साडेआठलाच काळा चकचकीत स्प्रे मारला. संध्याकाळी पाहतो तर पाठीच्या पट्ट्यांवर राखाडी झाक, पायांवर ओघळ आणि बैठकीवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. तिन्ही दोष थंडीचेच, पण थंडी तीन वेगळ्या ठिकाणची: लोखंडातली, डब्यातली आणि कोटाकोटांमधल्या वेळेतली.

आधी लोखंड. हवा लवकर तापते, लोखंड सावकाश. हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १२ अंशांवर येतो. खुर्ची अजून १० अंशांवर असेल, तर थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा तिच्यावरही पाण्याचा थर धरतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. त्यात रंगातला थिनर उडून जाताना पृष्ठभाग आणखी गार करतो. ओल रंगात अडकते आणि चकाकी जाऊन पांढुरकी झाक उरते. म्हणून पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, असा रंगकामातला नियम आहे.

सोपा उपाय म्हणजे खुर्ची रात्रीच घरात आणून ठेवायची आणि दहा वाजता उन्हात काढायची. तापमान मोजायला इन्फ्रारेड गन असेल, तर उघड्या चकचकीत लोखंडावर ती फसवा आकडा दाखवते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखावी. गन नसेल तर ओलसर फडकं फिरवून पाहावं. ओल दहा-पंधरा मिनिटांत उडाली नाही, तर लोखंड अजून तयार नाही.

मग डबा. स्प्रेच्या डब्यातला वायू दाबाखाली द्रवरूप असतो आणि दाब तापमानावर ठरतो. डबा गार असेल तर दाब कमी आणि रंग घट्ट. बारीक तुषारांऐवजी जाड थेंब पडतात, ते नीट पसरत नाहीत आणि संत्र्याची साल उमटते. फवारताना वायू उकळत राहतो व डब्याचीच उष्णता ओढून घेतो. बोटांना तो गार लागतो तो त्यामुळेच. म्हणून हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात डबा दहा मिनिटं ठेवावा, पुसावा आणि आतली गोळी खळखळू लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवावा. दोन डबे असतील तर आलटून-पालटून वापरावेत. डब्याला ५० अंशांपुढे नेऊ नये असं त्यावरच छापलेलं असतं. शेगडी, हीटर, उकळतं पाणी यांच्या वाटेला जाऊ नये.

कॉम्प्रेसर आणि गनने काम करणाऱ्यांनीही रंग असाच, विस्तवापासून दूर, गरम पाण्यात डबा ठेवून पातळ करावा. घट्टपणा घालवायला थिनर ओतत गेलं, की रंगाची झाकण्याची ताकद कमी होते आणि ओघळ वाढतात. काम सुरू करण्याआधी टाकीच्या तळाची तोटी उघडून साचलेलं पाणी काढावं. नाहीतर ते गनमधून थेट रंगात येतं.

तिसरी गोष्ट, वेळ. थंडीत थिनर सावकाश उडतो, त्यामुळे कोट जास्त वेळ ओला राहतो आणि उभ्या भागावरून खाली सरकतो. साधारण २५ सेंटीमीटरवरून पातळ हात मारावेत. दोन कोटांमध्ये उन्हाळ्यात दहा मिनिटं थांबत असाल, तर इथे वीस थांबा. शेवटचा कोट दोनच्या आत संपवावा, म्हणजे संध्याकाळचा गारवा उतरायच्या आत रंग धरतो.

राहिली शेडमधली हवा. सगळ्यात मोठा मोह तिथेच असतो: दार लावून शेगडी पेटवायची. गॅस किंवा रॉकेल जळताना पाण्याची वाफही निघते आणि ती त्याच गार लोखंडावर बसते. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि हीटरची लाल कॉईल किंवा स्विचची ठिणगीही तिला पुरते. दार उघडंच ठेवावं. कापडी मास्क ही वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

हाताला चिकटत नाही म्हणजे रंग वाळला असं नव्हे. दुसऱ्या दिवशी खुर्ची उलटी करून बैठकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबावं. खूण उमटली तर आणखी एक दिवस तिच्यावर कुणी बसायचं नाही.