नीलांतर्गत द्रव चिकित्सा, तातडीची

रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीत (नीलेत) पोकळ सुई वा नलिका घालून लवण विद्राव, रक्त वा औषधे थेट रुधिराभिसरणात सोडण्याच्या उपचारास ही संज्ञा आहे. व्यवहारात यास ‘सलाइन लावणे’ म्हणतात. टॉमस लट्टा या स्कॉटिश वैद्यांनी १८३२ मध्ये पटकीच्या रुग्णांना असा विद्राव दिला.

पटकी, भाजणे वा रक्तस्राव यांत अभिसरणातील द्रव घटतो. तेथे ०·९% लवण विद्राव जलद देण्यासाठी कोपराजवळील नीलेत आखूड व रुंद नलिका घालतात. लांब, अरुंद नलिकेतून प्रवाह मंदावतो. सलाइनने शक्ती येते हा समज निराधार आहे. ५% ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम २५ ग्रॅ. शर्करा असते.

हातपाय थंड पडले म्हणजे द्रव घटला, असेही नेहमी नसते. तांबड्या विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदय दुबळे होते व फुप्फुसांत पाणी साचते. घाम व उलट्या पाहून भराभर सलाइन दिल्यास रुग्ण दगावू शकतो. जालना जिल्ह्यातील देहेड (ता. भोकरदन) येथे जन्मलेले हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात अशा रुग्णांचा अभ्यास केला. वाहिन्या सैलावणाऱ्या प्राझोसिन या तोंडावाटे देण्याच्या औषधाचा अनुभव त्यांनी पत्नी प्रमोदिनी यांच्यासह १९८६ मध्ये द लॅन्सेटमध्ये मांडला. प्राझोसिनबरोबर नीलेतून प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांना २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

द्रव देताना नाडी, श्वसन व मूत्राचे प्रमाण वारंवार पाहतात. धाप वाढल्यास प्रवाह थांबवितात.