आतड्यातील संप्रेरके आणि मूत्रपिंडाद्वारे होणारे मिठाचे उत्सर्जन

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जुलाब झालेल्या बालकास घरीच मीठ-साखरेचे पाणी पाजावे, ही शिकवण तेथील ग्राम आरोग्यसेविकांनी घरोघरी पोहोचविली. या साध्या उपायाचा शास्त्रीय आधार आतड्याच्या मीठविषयक कार्यात आहे. आतडे हे मीठ शोषून घेणारे इंद्रिय आहेच. शिवाय मिठाविषयी मूत्रपिंडास संदेश देणारे इंद्रिय म्हणूनही त्याचा विचार केला जातो. या दुसऱ्या भूमिकेचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्नाचे मूळ

प्रौढ व्यक्तीच्या मूत्रपिंडांतून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम पुन्हा रक्तात शोषले जाते. त्यामुळे या पुनर्शोषणात अल्पसा फरक पडला तरी शरीरातील मिठाचे व पाण्याचे प्रमाण, आणि पर्यायाने रक्तदाब बदलतो. अल्डोस्टेरॉनसारखी संप्रेरके हे नियंत्रण करतात, हे सर्वज्ञात आहे. तथापि १९७५ मध्ये लेनान, पिअर्ट, कॅरी व सहकाऱ्यांनी एक वेगळे निरीक्षण मांडले. शरीरातील सोडियम आधी कमी केलेल्या व्यक्तींना तेवढेच सोडियम शिरेवाटे देण्याऐवजी तोंडावाटे दिले असता ते लघवीतून अधिक त्वरेने बाहेर पडले. यावरून अन्नमार्गात अथवा यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत मिठाची नोंद घेणारी यंत्रणा असावी, असा तर्क पुढे आला.

ग्वानिलिन व युरोग्वानिलिन

१९९२ मध्ये उंदराच्या आतड्यातून ग्वानिलिन आणि १९९३ मध्ये ऑपोसम या प्राण्याच्या मूत्रातून युरोग्वानिलिन वेगळे करण्यात आले. ही दोन्ही लहान पेप्टाइड संप्रेरके आतड्याच्या पेशींवरील ग्वानिलेट सायक्लेज-सी या ग्राहीस चिकटतात. परिणामी पेशीत चक्रीय जीएमपी हा संदेशवाहक वाढतो. क्लोराइड व बायकार्बोनेट आतड्याच्या पोकळीत स्रवतात आणि सोडियमचे शोषण मंदावते. युरोग्वानिलिन रक्तावाटे मूत्रपिंडापर्यंत पोहोचते व तेथे सोडियमचे उत्सर्जन वाढविते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात युरोग्वानिलिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांना तोंडावाटे दिलेले मीठ पुरेशा प्रमाणात बाहेर टाकता आले नाही. त्यांचा रक्तदाबही वाढलेला आढळला.

जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरकही मूत्रपिंडाच्या समीपस्थ नलिकेतील सोडियम-हायड्रोजन विनिमयकाचे कार्य मंदावून सोडियमचे उत्सर्जन वाढविते.

जुलाबाशी असलेला संबंध

ई. कोलाय जीवाणूच्या काही जाती उष्णतेने नष्ट न होणारे विष तयार करतात. या विषाची रचना ग्वानिलिनशी मिळतीजुळती असून ते त्याच ग्राहीस अधिक घट्ट चिकटते. मीठ व पाणी यांचा समतोल राखण्यासाठी असलेले दार जणू हे विष सताड उघडे ठेवते आणि शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात. मात्र सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारा वाहक या विषाने बंद पडत नाही. म्हणूनच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून दिल्यास शोषण चालू राहते. साखरेविना केवळ मिठाचे पाणी हा परिणाम साधत नाही.

मर्यादा

मानवी शरीराबाबत हा विषय अद्याप निर्विवाद नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्ये तोंडावाटे व शिरेवाटे दिलेल्या सोडियमच्या उत्सर्जनात लक्षणीय फरक आढळला नाही. उंदरांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसास लागू करणे त्यामुळे उचित ठरत नाही. युरोग्वानिलिनची मानवी रक्तदाबातील भूमिका सिद्ध झाली, असे अध्यापनात सांगणे घाईचे होईल.

निष्कर्ष

आतड्यातील संप्रेरके मूत्रपिंडाच्या कार्यावर प्रभाव टाकू शकतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. दैनंदिन आहारात त्या प्रभावाचा वाटा किती, हा प्रश्न खुला आहे. व्यवहारात मात्र दोन बाबी स्पष्ट आहेत. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी प्राण वाचविते. आणि निरोगी प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एकाच पदार्थाविषयीच्या या दोन सूचना परस्परविरोधी नाहीत. जुलाबात शरीर मीठ गमावीत असते, तर एरवी जादा मीठ बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. हा भेद विद्यार्थ्यांपर्यंत, आणि त्यांच्याद्वारे त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोहोचविणे हे शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापनाचे सामाजिक प्रयोजन ठरावे.