डीप फ्रीझर घेताना आधी किलो विचारा, मग लिटर

हंगामात मटार, स्वीट कॉर्नचे दाणे गोठवून ठेवायचे आणि भाव चढल्यावर विकायचे, असा बेत अनेक गट करतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती लिटरचा आहे?" तो दुसरा असावा.

साधा डीप फ्रीझर मुख्यतः गोठलेला माल उणे १८ अंशांवर टिकवण्यासाठी असतो. ताजा माल गोठवणे त्याला जमते, पण थोडे थोडे. शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला जितकी उष्णता काढावी लागते, तितक्यात तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर येते. आणि या कोवळ्या दाण्यांत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते.

एका गटाने ५०० लिटरच्या फ्रीझरमध्ये एकाच संध्याकाळी दोन क्विंटल दाणे भरले होते. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले, तर कडेच्या पिशव्या दगडासारख्या आणि मधल्या मऊ, आंबूस वासाच्या. मेकॅनिकला बोलावले होते. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. मधला माल नासला नसता तरी हळू गोठल्याने बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर दाण्याला पाणी सुटते. असा माल हॉटेलवाला दुसऱ्यांदा घेत नाही.

म्हणून '२४ तासांत किती किलो गोठवतो' हा आकडा माहितीपत्रकात पाहा. नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या. रोजचा ताजा माल त्याहून जास्त भरू नका. उकळत्या पाण्यातून काढलेले दाणे बर्फाच्या पाण्यात गार करून, निथळून, चपट्या पिशव्यांत एका थरात ठेवावेत. रोजचा माल क्विंटलात असेल तर ब्लास्ट फ्रीझर लागतो. तो महाग आहे. जवळ भाड्याने गोठवून मिळत असेल तर आधी ते पाहा आणि स्वतःचा डीप फ्रीझर साठवणीपुरता ठेवा.

माहितीपत्रकावर हवामान वर्गही असतो. 'एसटी' म्हणजे भोवतालचे तापमान ३८ अंशांपर्यंत, 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. जळगाव, अकोल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. 'टी' वर्गच घ्या आणि भिंतीपासून अंतर सोडून, हवेशीर सावलीत ठेवा. काचेचे झाकण विक्रीच्या काउंटरला ठीक, साठवणीला भरीव झाकणच हवे.

पशुसंवर्धनाचे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: लाळ्या-खुरकूत लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, गोठली की ती वाया जाते. जागा आहे म्हणून ती या फ्रीझरमध्ये ठेवू नका.

बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करा. वीज गेल्यास झाकण उघडू नका. भरलेला फ्रीझर अर्ध्या रिकाम्यापेक्षा बराच जास्त वेळ तग धरतो, त्यामुळे मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात.