मानाउस : चढत्या-उतरत्या पाण्यावरचे बंदर

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात मानाउस हे बंदर शोधायला सांगितले, तर विद्यार्थी बहुधा ब्राझीलच्या किनाऱ्यावर बोट फिरवत बसतील. तिथे ते सापडणार नाही. अटलांटिक महासागरापासून नदीमार्गाने सुमारे १,५०० किलोमीटर आत, ॲमेझॉनच्या जंगलाच्या ऐन मध्यावर, वीस लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर आहे. तरीही समुद्रातली मोठी मालवाहू जहाजे थेट तिथपर्यंत जातात.

हे घडते नदीला उतारच नसल्यामुळे. पेरूमधील इकितोस हे शहर समुद्रापासून सुमारे ३,६०० किलोमीटर दूर आहे आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची फक्त शंभर मीटरच्या आसपास. भागाकार करून पाहा. दर किलोमीटरला उतार ३ सेंटीमीटरही भरत नाही! त्यामुळे वाटेत धबधबा नाही, खळाळ नाही. आहे ते रुंद, खोल, संथ पाणी.

मानाउस वसले आहे ते रिओ निग्रो, म्हणजे ‘काळी नदी’, हिच्या काठी. शहराच्या थोडे खाली ती सोलिमोइसला मिळते. (ॲमेझॉनच्या वरच्या भागाला ब्राझीलमध्ये हे नाव आहे.) निग्रोचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. वाळूमिश्रित जमिनीतून झिरपताना कुजलेल्या पालापाचोळ्यातली आम्ले त्यात उतरतात आणि गाळ जवळजवळ नसतो. सोलिमोइस मात्र अँडीज पर्वताचा गाळ घेऊन येते; तिचा रंग दुधाच्या चहाचा. दोघींचे तापमान, वेग आणि घनता वेगवेगळी असल्याने संगमानंतर सुमारे ६ किलोमीटर त्या एकमेकींत न मिसळता शेजारी-शेजारी वाहतात.

या मोक्याच्या जागेजवळ पोर्तुगीजांनी १६६९ मध्ये किल्ला बांधला. इथल्या मानाओस या आदिवासी जमातीवरून पुढे शहराला नाव मिळाले. पण दीडदोनशे वर्षे ते गावच राहिले. त्याचे नशीब पालटले ते रबराने. रबर गंधकाबरोबर तापवले की ते थंडीत कडक आणि उन्हात चिकट होत नाही, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला. मागणी प्रचंड वाढली, आणि रबराचे झाड होते ॲमेझॉनच्या खोऱ्यात.

जंगलात ही झाडे विखुरलेली असतात. जवळजवळ लावली, तर पानांवर करपा पाडणारी एक बुरशी सगळी बाग फस्त करते. म्हणून चीक गोळा करणाऱ्यांना मैलोन्‌मैल जंगल तुडवावे लागे. हे मजूर व्यापाऱ्यांच्या कर्जात कायमचे अडकलेले असत आणि आदिवासींना तर जबरदस्तीने राबवले जाई. मानाउसमध्ये १८९६ साली उघडलेल्या भव्य संगीत-नाट्यगृहाचे छायाचित्र पुस्तकांत हटकून असते. त्यामागचे हे हिशेब क्वचितच असतात.

त्याआधीच, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या होत्या. त्यांची रोपे श्रीलंका व मलायात गेली. केरळातल्या रबराच्या मळ्यांची वंशावळही बहुतांशी तिथेच पोचते. बुरशी मात्र या प्रवासात मागे राहिली! आशियात रबर ओळीने लावता आले, स्वस्त पडले, आणि १९१३ च्या सुमारास त्याने जंगली रबराला मागे टाकले. मानाउसची रया गेली. १९६७ मध्ये सरकारने करसवलती देऊन तिथे कारखाने आणले. आज मोटारसायकली आणि टीव्ही संच बनतात, पण सुटे भाग बहुतेक नदीनेच येतात.

रबराच्या काळातली एक गोष्ट मात्र अजून डोळ्यांत भरते: ब्रिटिश कंपनीने बांधलेला तरंगता धक्का. इथे नदीची पातळी दरवर्षी सरासरी सुमारे १० मीटरने, म्हणजे तीन मजल्यांनी, वरखाली होते. पावसाचा जोर डिसेंबर ते एप्रिल असला, तरी अवाढव्य खोऱ्यातले पाणी गोळा होऊन येईपर्यंत महापूर जूनमध्ये उजाडतो. शिवाय फुगलेली सोलिमोइस निग्रोला तुंबवून धरते. पक्का धक्का कोणत्या उंचीवर बांधणार? म्हणून धक्काच पोकळ लोखंडी टाक्यांवर ठेवला. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना याहून मोठे उदाहरण सहसा मिळणार नाही.

१९०२ पासून या बंदरात पाण्याची पातळी रोज नोंदली जाते. जून २०२१ मध्ये मोजपट्टीने ३०.०२ मीटर दाखवले, तोवरचा उच्चांक. ऑक्टोबर २०२३ मध्ये एल निन्यो आणि तापलेला उत्तर अटलांटिक यांमुळे पाणी १२.७० मीटरपर्यंत उतरले, तो नीचांक ठरला. पुढच्याच वर्षी तोही मोडून १२.११ मीटर झाले. धक्का पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो, पण जहाजाच्या बुडाखाली पुरेसे पाणी तर हवे! २०२४ मध्ये इताकोआतियारा या खालच्या अंगाच्या गावाजवळ तात्पुरते तरंगते धक्के उभारून जहाजांतले कंटेनर बार्जवर उतरवावे लागले.

२०२३ च्या त्या अवर्षणात संगमाजवळचे खडक उघडे पडले आणि त्यांवर कोरलेले माणसांचे चेहरे दिसू लागले. हे कोरीवकाम एक ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असावे, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. ते कोरले गेले तेव्हा खडक कोरडा असणार, म्हणजे नदी तेव्हाही एवढी खाली गेली होती. फक्त ती मोजायला मोजपट्टी नव्हती.