फौजेचे तीन वाढदिवस

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं, झरी मागे पडली की बोरी येतं. या पट्ट्यातली जुनी माणसं 1948 सालाबद्दल बोलताना अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. 13 सप्टेंबरला भारतीय फौज निजामाच्या हद्दीत शिरली, वरून वायुदलाची टेम्पेस्ट विमानं घिरट्या घालत होती, आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा त्या तारखेला झेंडावंदन करतो. गंमत अशी की, बोरी-जिंतूरला निजामी राजवटीतून सोडवणाऱ्या त्या फौजेचा सरसेनापती तेव्हा इंग्रज होता, जनरल रॉय बुचर. सूत्रं के. एम. करिअप्पांच्या हाती आली ती 15 जानेवारी 1949 ला. भूदल आपला दिवस साजरा करतं तो हाच.

म्हणजे हा काही जन्मदिवस नव्हे. पलटणी त्याहून कितीतरी जुन्या. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण 1768 ची. वायुदलाचा मामला सरळ आहे. 8 ऑक्टोबर 1932 ला स्थापना झाली, तोच वाढदिवस. नौदलाचा हिशेब तिसराच. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला. नौदल दिन त्या रात्रीचा. एकानं सत्तांतर निवडलं, दुसऱ्यानं जन्मतारीख, तिसऱ्यानं पराक्रम. मला यात तिघांचे स्वभाव दिसतात. अर्थात हे कुठल्या फौजीसमोर बोललात तर तो आधी विचारील, ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’

अलीकडे हे सोहळे दिल्लीबाहेरही होऊ लागले आहेत. 2023 चा नौदल दिन मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीनं झाला. 2025 चं सेना दिनाचं संचलन पुण्यात झालं.

तिघांतला फरक पाहायचा तर सलाम बघावा. भूदलाचा जवान पंजा उघडा ठेवून तळहात समोरच्याला दाखवतो. नौदलात तळहात जमिनीकडे वळलेला असतो. जहाजावर दोरखंड-डांबराच्या कामानं मळलेला हात वरिष्ठाला दिसू नये म्हणून, असं सांगतात. वायुदलानं 2006 मध्ये मधला मार्ग काढला, पंचेचाळीस अंशांचा. एकमेकांची थट्टाही याच चालीची. भूदलवाला वायुदलाच्या सुखसोयींवर बोट ठेवणार, वायुदलवाला भूदलाच्या चिखलावर, आणि नौदलवाला पांढऱ्या शुभ्र गणवेशात दोघांकडे बघून हसणार.

ही थट्टा भांडणावर जात नाही, त्याचं बरंचसं श्रेय खडकवासल्याला द्यायला हवं. करिअप्पांनी सूत्रं घेण्याच्या अवघे दोन आठवडे आधी, 1 जानेवारी 1949 ला, डेहराडूनला तिन्ही दलांच्या मुलांचं एकत्र प्रशिक्षण सुरू झालं. पुढं त्याचीच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) झाली आणि 1954 च्या अखेरीस ती खडकवासल्याला आली. तिथली घुमटाची मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, सुदाननं दिलेल्या पैशांची आठवण सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढलेल्या भारतीय जवानांसाठी ती कृतज्ञता होती. खरी हुशारी मात्र स्क्वाड्रनच्या रचनेत आहे. अठरा स्क्वाड्रन, आणि प्रत्येकात तिन्ही दलांचे कॅडेट मिसळलेले. त्यामुळे क्रॉसकंट्रीत वा मुष्टियुद्धात ज्याला हरवायचं तो नौदलवाला नसतो, शेजारच्या स्क्वाड्रनचा असतो. तीन वर्षं ही ईर्षा अंगात मुरल्यावर मग पोरं आपापल्या दलाच्या प्रशिक्षणासाठी डेहराडून, एळिमला आणि दुंडिगलला पांगतात.

मराठवाड्यातल्या मुलांसाठी या वाटेवरचं एक दार छत्रपती संभाजीनगरात आहे. राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, 1977 पासूनची. दहावीनंतर तिथं जायचं, अकरावी-बारावी करता करता एनडीएच्या परीक्षेची तयारी करायची.

2020 साली तर एक योगच जुळून आला. भूदलाचे मनोज नरवणे, नौदलाचे करमबीर सिंग आणि वायुदलाचे राकेशकुमार सिंह भदौरिया हे तिन्ही प्रमुख खडकवासल्याच्या छप्पन्नाव्या तुकडीचे, आणि तिघांचेही वडील वायुदलातले. घरात वायुदलवाले काय म्हणत असतील, कल्पना करावी.

मैदानावर ही चुरस उघड होते. आंतरदल स्पर्धांत भूदल एवढं मोठं की त्याचे दोन संघ उतरतात, आर्मी रेड आणि आर्मी ग्रीन; समोर नौदल आणि वायुदल. पण संतोष करंडक किंवा रणजी आला की हेच खेळाडू ‘सेनादल’ म्हणून एका जर्सीत येतात. मग गाठ पडते आपल्याशी. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेनादलाची 61 सुवर्णं, महाराष्ट्राची 39. गोव्यात 2023 ला महाराष्ट्रानं 80 सुवर्णांसह पहिला नंबर काढला, सेनादल दुसरं. 2025 ला उत्तराखंडात पुन्हा सेनादल पुढं, 68 विरुद्ध 54. एकूण पदकं मात्र महाराष्ट्राची जास्त.

यात आपलं-परकं करणं अवघडच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, फौजेच्या क्रॉसकंट्रीतून पुढं आला आणि 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. भूदलाची क्रीडा संस्था 2001 पासून पुण्यातच आहे. तेव्हा पदकतक्त्यात महाराष्ट्राला मागं टाकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी घाम गाळलेला असतो तो पुण्याच्या मैदानावर.